पाचव्या महिन्यातली दाढ

पाचवा महिना लागला त्याच आठवड्यात माझी खालची उजवी दाढ दुखायला लागली. दाढ आधीपासून किडलेली होती, हे मी कबूल करते. दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी "भरून घ्या" म्हणून सांगितलेलं आणि मी "पुढच्या महिन्यात" म्हणत राहिलेले. त्यात पहिले तीन महिने मला दिवसातून चार-चार उलट्या व्हायच्या. उलटी झाली की तोंडाला वास नको म्हणून मी लगेच खसाखसा ब्रश करायचे. तसं करायचं नसतं. आधी नुसत्या पाण्याने चुळा भरायच्या आणि अर्ध्या तासाने ब्रश करायचा, नाहीतर पोटातलं आम्ल आपणच दातांवर घासत बसतो. हे मला फार उशिरा कळलं. पपई खाऊ नकोस, ग्रहणात सुरी धरू नकोस, हात वर करून कपडे वाळत घालू नकोस, एवढं सगळं सांगायला माणसं होती. दातांबद्दल एकानेही अवाक्षर काढलं नाही.

मी ठाण्यात घोडबंदर रोडवर एका कुरियर कंपनीच्या ऑफिसात ग्राहकांच्या तक्रारी घेते. नऊ वर्षं झाली. आपल्या टेबलावरची तक्रार दुसऱ्याच्या टेबलावर कशी सरकवायची, हे तिथे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात समजतं. "संबंधित विभागाकडे पाठवलं आहे" हे वाक्य मी दिवसातून कितीदा बोलत असेन कोण जाणे. त्यामुळे माझ्या दाढेचं काय चाललंय ते माझ्या लवकर लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. मला वाटलं, सगळे माझ्या काळजीपोटी करतायत.

आमचं घर बाळकुमला. नवऱ्याचे आजोबा मिठागरावर होते, वडिलांकडे शेती होती, आता त्या शेतीच्या जागेवर आमची बिल्डिंग उभी आहे. सासूबाई अजून जुन्या गावातल्यासारख्याच बोलतात. दाढ दुखते म्हटल्यावर त्यांनी डब्यातून लवंग काढून दिली.

"दातांमधी धर गो. दोन दिसांत जाईल."

"आई, डॉक्टरकडे जाऊन येते ना."

"पोटात पोर हाय तवा दाताला हात लावाचा नाय. मना चार झाली, कदी दाताचा दवाखाना बगितला नाय."

हे खरंच होतं. सासूबाईंच्या तोंडात आता पुढचे सहा-सात दात आहेत, मागे काही नाही. पण तेव्हा माझ्या डोक्यात तो विचार आला नाही. मी लवंग धरली. जीभ पोळली, दाढ तशीच राहिली.

माझा नवरा वाईट माणूस नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्याच्यावर बरीच चिडलेली दिसेन. चौथ्या दिवशी त्यानेच ऑफिसच्या वाटेवरच्या एका चकाचक दवाखान्यात अपॉइंटमेंट घेतली. पांढरा सोफा, भिंतीवर हसऱ्या बायकांचे फोटो, एसी इतका की मी ओढणी गुंडाळून बसले. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म दिला. ब्लडप्रेशर आहे का, शुगर आहे का, कशाची ॲलर्जी आहे का. आणि खाली, गरोदर आहात का. मी "हो"वर खूण केली.

तिथून पुढे सगळं बदललं. डॉक्टर तरुण होते, तिशीच्या आतले. मी खुर्चीवर बसले, तोंड उघडलं. त्यांनी छोटा आरसा आत घातला, दाढेवर एकदा टकटक केलं. मी ओरडले. त्यांनी आरसा बाहेर काढला, हातमोजे उतरवले आणि बाजूला उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याशी बोलायला लागले.

"कीड खोल गेलीय. पण यांना पाचवा चालू आहे ना, मग आम्ही हात नाही लावणार. गायनॅकची चिठ्ठी आणा."

मी खुर्चीतून विचारलं, "एक्सरे काढता येतो का अशात?"

"बघा सर," ते नवऱ्यालाच म्हणाले, "एक्सरे म्हटलं की रेडिएशन आलं. शक्यतो टाळलेलंच बरं."

"आणि भूल द्यायचं इंजेक्शन?"

"ते गायनॅक सांगतील."

तोंड माझं, दाढ माझी, प्रश्न माझे. उत्तरं नवऱ्याला! आणि तो मान डोलवत होता. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ते माझ्याशी का नव्हते बोलत?" तर म्हणाला, "अगं, तुला टेन्शन नको म्हणून असेल."

दोन दिवसांनी आम्ही माझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या चांगल्या आहेत, हुशार आहेत, त्यांच्याकडे गर्दी मरणाची. दीड तास बसल्यावर आत गेलो. त्यांनी पोट तपासलं, बाळाचे ठोके ऐकवले. नवऱ्याचे डोळे भरून आले. मग मी दाढेचा विषय काढला.

"खूप दुखतंय का?"

"हो. जेवता येत नाही. उजव्या कुशीवर झोपता येत नाही."

"पॅरासिटामॉल घ्या, चालेल. दुसरी कुठली दुखण्याची गोळी मनाने घ्यायची नाही हं, काही गोळ्या बाळाला चालत नाहीत. बाकी डिलिव्हरी झाली की निवांत करून घ्या सगळं. चारच महिने तर राहिलेत."

चारच महिने! मी मोजले. चार महिने म्हणजे एकशेवीस दिवस. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'शक्य असल्यास दातांचे उपचार बाळंतपणानंतर करावेत.' नवऱ्याने चिठ्ठीचा फोटो काढून दातांच्या दवाखान्याला पाठवला. काउंटरवरच्या मुलीचं उत्तर लगेच आलं, 'ओके सर, डिलिव्हरीनंतर नक्की या', आणि पुढे एक फुलाचं चित्र.

तेव्हा मला कळलं. ही सरकवासरकवी होती. दातांच्या डॉक्टरांनी माझी तक्रार बाईंकडे पाठवलेली, बाईंनी ती बाळंतपणाकडे पाठवलेली. दोघांचीही टेबलं साफ. तक्रार मात्र माझ्या जबड्यात ठसठसत होती.

पुढच्या दिवसांत मी मऊ भात, वरण आणि कोमट दूध यांवर होते. थंड लागलं की कळ थेट कानात जायची. गरम लागलं तरी तेच. वजन करायला गेले तर वाढायच्या ऐवजी एक किलो कमी. घरी त्यावर बैठक बसली. दाढेचं काय करायचं यावर नाही, मी बाळासाठी नीट खात कशी नाही यावर. नवऱ्याने मोबाइलवर दोन तास वाचून काढलं की आईने नीट खाल्लं नाही तर बाळाच्या वाढीवर काय काय परिणाम होतात. तो ते मला वाचून दाखवायला लागला.

मी म्हटलं, "दाढ दुखली तर बाळाच्या आईवर काय परिणाम होतो, ते कुठे लिहिलंय का बघ."

त्याने मोबाइल खाली ठेवला. नंतर म्हणाला, "तू हल्ली फार चिडचिड करतेस. ती पण बाळाला चांगली नाही."

बाराव्या दिवशी सासूबाईंनी माझी चोरओटी भरली. मोठा गाजावाजा नव्हता, बिल्डिंगमधल्या आणि जुन्या गावातल्या पाच बायका बोलावलेल्या. मला हिरवी साडी नेसवली, पाटावर बसवलं, ओटीत तांदूळ-नारळ घातला. मग एकेकीने पेढा भरवायचा. पहिलीला मी सांगितलं, "काकी, छोटासा, डावीकडून." दुसरीलाही सांगितलं. तिसरी नवऱ्याची चुलती, ती हौशी. तिने अख्खा पेढा माझ्या उजव्या गालात कोंबला आणि वर बोटाने दाबला. पेढा फ्रिजमधून काढलेला, गार.

मी किंचाळले. पेढा तोंडातून ओटीतल्या तांदळांवर पडला. बायकांपैकी एक हळूच म्हणाली, "अपशकुन झाला गो."

सासूबाई पुढे झाल्या. "आसा पेढा टाकतान का? गिळाचा ना कसा तरी. पोराच्या नावाचा होता."

आणि माझ्या आत इतके दिवस जे साचलेलं ते सगळं बाहेर आलं. मी पाटावरून उठले. ओटीतला नारळ गडगडत सोफ्याखाली गेला. मी म्हटलं, "पोराच्या नावाचा पेढा, पोराच्या नावाचं दूध, पोराच्या नावाचं सहन करा. इथे बारा दिवस एक बाई दुखण्याने वेडी व्हायला आलीय, तिच्या नावाचं काही आहे का तुमच्याकडे?"

कुणाकडेच नव्हतं. नवरा आतल्या खोलीच्या दारात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्याला लाज वाटतेय. माझी. मी त्याच साडीत बॅग भरली, रिक्षा बोलावली आणि डोंबिवलीला आईकडे गेले.

आई एकटी राहते. आमचं मूळ कोकणातलं, पण तिचं सगळं आयुष्य डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत गेलं. तिने मला बघितलं, काही विचारलं नाही, पेज करून दिली. मला वाटलं, आता तरी कुणीतरी म्हणेल, चल डॉक्टरकडे. तीन दिवस ती मिठाच्या पाण्याच्या गुळण्या देत राहिली. चौथ्या दिवशी सकाळी मी उठले तर उजवा गाल सुजलेला, जबड्याची कड हाताला लागत नव्हती आणि तोंड दोन बोटं आत जातील एवढंच उघडत होतं.

आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माझं पण असंच झालेलं."

"कधी?"

"तुझ्या वेळेला. सातव्यात. सगळे म्हणाले, बाळंतपण होऊ दे. झाल्यावर गेले तर तीन दाढा काढाव्या लागल्या."

मी एकतीस वर्षांची आहे. एकतीस वर्षं मी माझ्या आईला डाव्या बाजूने चावताना बघितलंय. चण्याला, कडक चकलीला नाही म्हणताना बघितलंय. मला वाटायचं, तिला आवडत नाही.

"मग तू मला आल्या दिवशीच का नाही नेलंस?" मी ओरडले. सुजलेल्या तोंडाने नीट ओरडताही येत नव्हतं. "तुला माहीत होतं ना काय होतं ते!"

ती रडायला लागली. "डॉक्टरच नको म्हणाले म्हटल्यावर मी काय बोलणार होते?"

तिच्या रडण्याने मला आणखी राग आला. मला तेव्हा कुणी रडायला नको होतं, कुणीतरी चप्पल घालायला हवी होती. शेवटी तिने डोळे पुसून माझ्या मावशीला फोन लावला. मावशी कल्याणच्या पलीकडे मोहन्याला राहते, काका तिथल्या जुन्या रेयॉन कारखान्यात होते. मावशी म्हणाली, "आमच्या इथे एक दाताच्या डॉक्टरीणबाई आहेत. आताच्या आता निघा, मी नंबर लावून ठेवते."

डोंबिवलीहून आम्ही थेट रिक्षा केली. कल्याणच्या पत्री पुलावर अर्धा तास अडकलो. प्रत्येक खड्ड्याला मी गाल धरायचे आणि आई माझं पोट धरायची. मी तिचा हात उचलून माझ्या गालाखाली ठेवला.

दवाखाना स्टेशनरीच्या दुकानावर, एका अरुंद जिन्याने वर. लाकडी बाक, भिंतीवर दात घासायचा एक जुना तक्ता. बाई साठीच्या असतील. पांढरे केस, बारीक आवाज. त्यांनी फॉर्मबिर्म दिला नाही, माझं पोट बघून विचारलं, "कितवा?"

"पाचवा. अर्धा झालाय."

"बरं झालं. दातांचं काम करायला गरोदरपणातला हाच सगळ्यात सोयीचा काळ. चौथा ते सहावा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "हाच?"

"हो. सुरुवातीचे तीन महिने आपण तातडीचं नसेल तर थांबतो. शेवटी शेवटी बाईला उताणं झोपवत नाही म्हणून त्रास. मधला काळ चांगला. आणि इतकी सूज असेल तर कितवा महिना आहे ते बघतच नाही. पू तसाच ठेवणं हे आईलाही वाईट आणि बाळालाही. किती दिवस झाले?"

"सोळा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग मी माझे सगळे प्रश्न विचारले, आधी विचारून झालेले आणि मनात राहिलेले. त्यांनी एकेकाचं उत्तर मला, माझ्याकडे बघून दिलं. एक्सरे चालतो का? एका दाताचा एक्सरे अगदी थोडा असतो, वर शिशाचा एप्रन घालू, चालतो. भुलेचं इंजेक्शन? नेहमीचंच देऊ, त्याने बाळाला काही होत नाही, उलट दुखण्याने तुमचा जीव घाबरा होतो ते जास्त वाईट. अँटिबायोटिक? यात चालणाऱ्या आहेत, न चालणाऱ्याही आहेत, मी चालणारी लिहून देईन. हिरड्यांतून रक्त येतं ते? या दिवसांत येतं पुष्कळ जणींना, म्हणून ब्रश सोडायचा नाही, मऊ ब्रशने रोज घासायचं.

मग त्यांनी माझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर मागितला आणि माझ्यासमोर फोन लावला. स्वतःची ओळख सांगितली, सूज सांगितली, काय करणार आहेत ते सांगितलं. पलीकडून आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"हो हो, करा ना. काही हरकत नाही."

एक मिनिट. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. सोळा दिवस मी चिठ्ठी घेऊन या दारातून त्या दारात फिरले आणि दोन डॉक्टरांनी एकमेकांना फोन करायला एक मिनिट लागलं. चकाचक दवाखान्यातले ते तरुण डॉक्टर हे करू शकले असते. बाळंतपणाच्या बाई स्वतः करू शकल्या असत्या. मी खुर्चीत बसल्या बसल्या इतकी थरथरायला लागले की डॉक्टरीणबाईंना वाटलं मी इंजेक्शनला घाबरलेय.

"घाबरू नका."

"घाबरले नाही. मला राग आलाय."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तोंड जेवढं उघडतंय तेवढं उघडा."

संमतीच्या कागदावर सही करताना मी सवयीने विचारलं, "मिस्टरांची सही लागेल का?"

त्यांनी वर बघितलं. "दाढ कुणाची आहे?"

मी सही केली. त्यांनी खुर्ची अर्धीच आडवी केली, उजव्या कमरेखाली उशी दिली, म्हणजे पोटाचं ओझं डावीकडे राहतं. इंजेक्शन टोचलं, थोडं दुखलं, मग ओठ जड झाला. सुजेमुळे भूल पूर्ण धरायला वेळ लागला, त्यांनी घाई केली नाही. मग दाढ वरून उघडली. आतून पू आला, त्याची घाण चव आली आणि जबड्यातला तो दाब उतरला. सोळा दिवसांनी पहिल्यांदा उतरला. मी खुर्चीत मोठमोठ्याने रडले. त्या दात कोरायचं मशीन थांबवून, माझं रडणं संपेपर्यंत, हातात कापूस धरून बसून राहिल्या.

दाढ वाचली. आणखी दोन खेपांत मुळांचं काम पूर्ण झालं. दुसऱ्या खेपेला नवरा सोबत आला. मी त्याला बोलावलं नव्हतं, तो डोंबिवलीला येऊन दारात उभा राहिला. जिना उतरताना म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं गं. डॉक्टर नको म्हणाले, मला वाटलं बरोबरच असेल."

"तुला दुखत असतं तर तू दुसऱ्या डॉक्टरकडे गेला असतास."

मी बाळकुमला परत गेले, पण मला राग आलाच नव्हता असं त्याने समजू नये, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. सासूबाईंनी त्या दिवसाचा विषय काढला नाही. फक्त माझं ताट वाढताना भाकरीचा पापुद्रा काढून मऊ भाग वाढायला लागल्या. मी ते बघितलं. त्याने माझा राग गेला असं मात्र म्हणणार नाही.

चकचकीत दवाखान्यात मी एकटीच गेले. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, डॉक्टरांशी दोन मिनिटं बोलायचंय. ते बाहेर आले. मी सगळं सांगितलं, सूज, पू, एक मिनिटाचा फोन.

"मॅम, आमची पॉलिसी आहे. गरोदर पेशंटची रिस्क आम्ही घेत नाही."

"तुम्ही रिस्क घेतली नाहीत, मला घ्यायला लावलीत. पुढच्या बाईच्या वेळी फोन कराल?"

त्यांनी खांदे उडवले. मी बऱ्याच ग्राहकांशी बोलताना असाच चेहरा केला असेल. ते आठवून मला स्वतःचीही चीड आली.

बाळंतपणाच्या बाईंनाही मी विचारलं, सातव्या महिन्याच्या तपासणीत. "तुम्ही फोनवर लगेच हो म्हणालात. मग मला नाही का म्हणालात?"

त्या थोड्या गोंधळल्या. "तुम्ही दुखतंय म्हणालात. इतकं दुखतंय असं नाही म्हणालात."

"जेवता येत नाही म्हणाले. झोपता येत नाही म्हणाले. आणखी काय म्हणायचं असतं?"

त्यांनी माझ्या फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. बाहेर गर्दी होती. त्या म्हणाल्या, "बाळ अगदी छान आहे हं."

मुलगी झाली. चांगली तीन किलोची. बघायला येणाऱ्या बायका पाळण्यात डोकावतात, मग माझ्या शेजारी बसून आवाज खाली आणून विचारतात, "खूप दुखलं का गं?" मी सांगते, दाढेइतकं नाही. त्या हसतात. मी हसत नाही. कधीकधी एखादी हसता हसता थांबते, गालाला हात लावते, आणि मला तिला विचारावंच लागतं, किती दिवस दुखतंय?